बियाण्याला राखलेली कोळंबी

शुक्रवारी दुपारी बारा वाजता खाजणवाडीच्या कोळंबी प्रकल्पाचं गेट बंद झालं आणि आम्ही तिघं आत अडकलो. खाडीपलीकडच्या एका तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निघाला होता. या रोगाचं नाव काढलं की कोळंबीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं, कारण तो चार दिवसांत तळंच्या तळं साफ करतो आणि माणसाच्या चपलेला लागूनही येतो. मालकांनी देवगडहून फोनवर हुकूम सोडला, मंगळवारपर्यंत आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. कामगार जेवायला घरी गेले होते, ते तिकडेच राहिले.

चौगुले सर अर्ध्या दिवसासाठी म्हणून आले होते, पायांत पॉलिश केलेले बूट आणि हातात उन्हाची छत्री. ते माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. गेटाशी उभं राहून त्यांनी स्वतःची पदं एकामागून एक सांगून पाहिली, पण पलीकडे ऐकायला एका कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. शेवटी लवूकाकांची धुतलेली लुंगी नेसून ते पत्र्याच्या ऑफिसात, तिथल्या एकुलत्या एक पंख्याखाली जाऊन बसले. मी खाद्याच्या पोत्यांच्या खोलीत पथारी टाकली. त्या खाद्याला सुक्या मासळीचा वास असतो आणि तो एकदा केसांत बसला की आठवडाभर जात नाही.

तिसरे लवूकाका. लवू नारायण कुबल, मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजातले, साठीच्या घरातले, हयात खाडीत पाग टाकण्यात गेलेली. आता ते तेच काम या तळ्यांवर पगारी करत. हातातलं गोल जाळं ते असं भिरकावायचे की ते पाण्यावर पूर्ण उघडूनच पडायचं. मी तळ्यांवर कामाला आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, तू हे जे लिहितेस त्याचं पुस्तक होतं का. होतं म्हटल्यावर म्हणाले, "मगे त्येच्यात माझा नाव येतला?"

येणार तर, मी म्हटलं. मदत करणाऱ्यांची नावं शेवटी छापतात. मग त्यांनी आपलं पूर्ण नाव माझ्या वहीत लिहायला लावलं आणि वही लांब धरून बराच वेळ पाहत राहिले. त्यांना सही करण्यापुरतंच अक्षर येत होतं.

आम्ही शोधत होतो ती एक खूण. एकाच तळ्यात, एकच खाद्य खाऊन काही कोळंबी भराभर वाढते आणि काही खुरटीच राहते. ते वाढणं जन्मतःच तिच्या अंगात लिहिलेलं असेल, तर कुठे लिहिलंय ती जागा आम्हाला हवी होती. ती सापडली की पुढच्या पिल्लांची आई निवडताना अंदाजपंचे काम करायला नको. म्हणून दर तीन आठवड्यांनी लवूकाका कोळंबी काढायचे आणि त्यातली सर्वांत मोठी तीस आणि सर्वांत लहान तीस मी वेगळी करायची. प्रत्येकीचं वजन करायचं, पोटाखालच्या एका पोहायच्या पायाचं टोक कापून औषधाच्या बाटलीत ठेवायचं आणि कोळंबी काकांच्या घमेल्यात टाकायची. ती परत तळ्यात सोडायचं काम त्यांचं. एकही मरता कामा नये ही मालकांची अट होती, आणि कापलेला पाय एकदोनदा कात टाकली की पुन्हा फुटतो.

तळ्यात दीड लाख कोळंबी होती. एकदा सोडलेली पुन्हा हाती लागेल अशी शंका घेणाराच वेडा ठरला असता. अशा चार खेपा झाल्या होत्या, म्हणजे एकशे वीस मोठ्या आणि एकशे वीस लहान. त्या बाटल्यांत माझी तीन वर्षं होती. जूनअखेर शिष्यवृत्ती संपत होती आणि येत्या बुधवारी आढावा समिती बसणार होती. समितीने मान डोलावली तर आणखी एक हंगाम आणि पदवी, नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून मिरजेला परत. मिरजेत आमच्या गल्लीने मला केव्हाच डॉक्टर करून टाकलं होतं. आई तर माझ्याकडे शेजाऱ्यांच्या खोकल्याची चौकशी करायची.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेचे शेवटचे निकाल आले. मोबाइलला रेंज फक्त मधल्या बांधावर यायची, म्हणून मी उन्हात लॅपटॉप घेऊन तिथे उभी आणि शेजारी सर लुंगीत, छत्री दोघांवर धरून. आम्ही प्रत्येक कोळंबीच्या बारा खुणा तपासल्या होत्या. त्यातल्या सातव्या खुणेचं एक रूप एकशे वीस मोठ्यांपैकी एकशे चार जणींत सापडलं, लहानांत फक्त एकोणतीस जणींत. सरांनी आकडे पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "विभावरी, असं आयुष्यात एकदाच हाताला लागतं." तिथूनच त्यांनी संस्थेत दोन फोन केले. दुपारी लवूकाकांनी केलेली उकड्या तांदळाची पेज त्यांनी तीनदा मागून घेतली आणि सुक्या बांगड्याचं कौतुक केलं. आदल्या दिवशी त्यांनी त्याच बांगड्याकडे पाहून नाक मुरडलं होतं.

त्या दिवशी मला अडकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. गेट महिनाभर बंद राहिलं असतं तरी चाललं असतं.

रविवारी दुपारी मी तक्ता नीट लावत बसले होते. टायपिंगच्या चुका सापडाव्यात म्हणून सगळ्या ओळी खुणांप्रमाणे क्रमाने लावल्या, तेव्हा दोन ओळी तंतोतंत सारख्या दिसल्या. वाटलं, एकच ओळ चुकून दोनदा उतरली. पण बाटल्यांचे नंबर वेगळे होते, तारखाही वेगळ्या. खाली अशीच तिसरी ओळ होती, मग चौथी. या खुणांची प्रत्येकी अनेक रूपं असतात. बाराच्या बारा जुळणं सख्ख्या बहिणींतसुद्धा होत नाही. ते एकाच बाबतीत होतं, जेव्हा ती एकच कोळंबी असते. मी हाताने मोजलं आणि पुन्हा मोजलं. माझ्या एकशे वीस मोठ्या कोळंब्या मुळात एक्केचाळीस होत्या.

मी तशीच बाहेर पडले. चपला घालायचंही भान नव्हतं आणि बांधावरची माती तव्यासारखी तापलेली. तळ्याच्या कोपऱ्यात, खाडीचं पाणी आत घ्यायच्या मोरीपाशी लवूकाका गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांच्यासमोर हापा होता, म्हणजे बारीक जाळीचा, मच्छरदाणी उलटी टांगावी तसा चौकोनी पिंजरा. त्याच्या एका खुंटाला लाल चिंधी बांधलेली. काका खाडीतले खुबे दगडाने फोडून आतला मगज हाप्यात टाकत होते.

मी विचारलं, यात काय आहे. त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं.

"तुझीच सुंगटा ती. मोठी." सुंगटं म्हणजे कोळंबी.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या पोराला सांगावं तसं. पहिल्या खेपेला मी एवढी निवडून निवडून मोठी काढली, तोलली, आणि परत तळ्यात सोडायला सांगितली, तेव्हा त्यांचं काळीज हललं होतं. त्यांच्याकडे वेलावरचा पहिला चांगला तवसा, म्हणजे मोठी काकडी, कुणी कापत नाही. त्याला चिंधी बांधतात. चिंधी दिसली की घरातलं पोरही हात लावत नाही, कारण तो बियाण्याचा. "तू बियाणाच शोधतंस ना? सरांनीच सांगलेला माका. मगे बियाक धरलेला कोण परत गर्दीत टाकता? म्हणान राखलंय."

तेव्हापासून मोठ्यांचं घमेलं तळ्यात न जाता हाप्यात जात होतं आणि पुढच्या खेपेला तिथूनच निघून माझ्या काट्यावर येत होतं. एखादी मेली तर तिच्या जागी नवी मोठी. रोज ओहोटीला ते खाडीत उतरून यांच्यासाठी खुबे काढत, स्वतःच्या जेवणाची वेळ मोडून. त्या कोळंब्यांना मोठं व्हायला कुठल्याही खुणेची गरज नव्हती.

मला रडू आलं नाही. उलट हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. दोन महिने या माणसाने माझ्या कामावर पोटच्या पोरीच्या कामासारखी माया केली होती आणि त्या मायेनेच माझं काम पार बुडालं होतं. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हातातला दगड खाली ठेवला.

"वायट केलंय काय गो मी? दुसऱ्या खेपेक मी तुका..."

"थांबा काका," मी म्हटलं. "सर येतायत."

सर छत्री घेऊन बांधावरून येत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते एका पालथ्या टबावर बसले. आधी आकडे विचारले, मग हाप्यापाशी जाऊन वाकून पाहिलं. लवूकाकांना एक शब्द बोलले नाहीत. मला ऑफिसात बोलावून दार लोटून घेतलं.

"तुला हे माहीत होतं?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. मग पंख्याखाली बसून अगदी शांतपणे मांडणी केली. आमची पद्धतच ढिली होती असं म्हटलं, तर समिती फाइल बंद करणार. माझी पदवी गेली, आणि त्याच प्रकल्पावर असलेल्या दुसऱ्या दोन मुलांचीही. पण नमुने काढणाऱ्या माणसाने संशोधकांना न सांगता परस्पर काही केलं असेल तर तो अपघात, आणि अपघाताला दुसरी संधी मिळते. नाव लिहावं लागेल, त्याची सही लागेल. सर वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्यांचा आवाज त्या वेळी खरोखर थकलेला होता. "त्याचं काय जाणार आहे?" ते म्हणाले. "तो काही इंग्रजी वाचत नाही."

मी विचार करते म्हणून बाहेर पडले. ऊन उतरायला लागलं होतं. विचार करायला सहा तळ्यांच्या बांधाखेरीज दुसरी जागाच नव्हती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण, मध्ये बंद गेट. बांधावरून निघालं की पाऊण तासाने माणूस पुन्हा त्या मोरीपाशीच येतो. मी तीनदा आले. तिन्ही वेळा ती लाल चिंधी समोर आली आणि तिन्ही वेळा लवूकाका माझ्याकडे बघत राहिले. खरं लिहिलं तर मी बुडते, बरोबर आणखी दोघं बुडतात. खोटं लिहिलं तर हा म्हातारा बुडतो, आणि आपण बुडालो हे त्याला कळणारही नाही. ते कळणार नाही याचाच मला आधार वाटला. त्या आधाराची किळसही त्याच वेळी वाटली, पण आधार जास्त होता.

सोमवारी सकाळी ते निवेदन मीच लिहिलं. सरांपेक्षा माझं इंग्रजी बरं होतं.

सही घ्यायला गेले तेव्हा काका तांदूळ धूत होते. त्यांनी हात लुंगीला दोनदा पुसले, कागद पाटावर ठेवला आणि एकेक अक्षर दाबून आपलं नाव काढलं. शेवटच्या ल ची गाठ बिनसली म्हणून हळहळले. "ह्या पुस्तकासाठीच ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुस्तकासाठीच. कालच्या गोष्टीने काही नुकसान झालं का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडं झालं, पण भरून निघेल.

मंगळवारी गेट उघडलं. लाल औषधी पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून आम्ही बाहेर पडलो. सर पुन्हा बुटांत होते. बुधवारी समितीने दहा मिनिटांत आणखी एक हंगाम दिला, वर एका सदस्याने मला धीरही दिला. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या तळ्यांवर सगळं नव्याने केलं. सातव्या खुणेत काहीच निघालं नाही. दुसऱ्याच एका खुणेत थोडंसं काही निघालं, ते थोडंसं पदवीला पुरलं.

अहवालाची प्रत नियमाप्रमाणे प्रकल्पाच्या मालकांकडेही गेली. त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांनी लवूकाकांना कामावरून काढलं आणि कारण सांगितलं की वय झालं. काकांना ते पटलंही असावं.

हे मला दिवाळीनंतर कळलं. पुस्तक आलं का, असा त्यांचा निरोप आला होता, म्हणून मी खाजणवाडीला गेले. न जाण्याचं धाडस झालं नाही, एवढंच. त्यांच्या ओसरीवर बसून मी अहवालातलं ते पान काढलं. पानावर बोट फिरवत त्यांनी आपलं नाव कुठे आहे ते विचारलं. मी दाखवलं. मग म्हणाले, मराठीत वाच. मी वाचलं, "नमुने काढणारे लवू नारायण कुबल यांनी मोठी कोळंबी वेगळी राखून ठेवली होती." वाक्य तिथे संपत नव्हतं. मी तिथे थांबले.

"परत वाच गो बाय," ते म्हणाले. मी परत वाचलं, तेवढंच. त्यांच्या सुनेने मला सोलकढी दिली. पेला रिकामा करून, ते पान त्यांच्याकडेच ठेवून मी निघाले.

याला आता सतरा वर्षं झाली. मी त्याच विद्येची प्राध्यापक आहे, विभागाची प्रमुख आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना नमुने कसे घ्यावेत हे मी फार कडक शिकवते. त्यांना वाटतं, बाई खडूस आहेत.

गेल्या महिन्यात एक मुलगी केबिनच्या दाराशी उभी राहिली. सडसडीत, खांद्याला सॅक. प्रवेश झाला होता, माझ्या हाताखाली प्रकल्प करायची इच्छा होती. नाव पूर्वा कुबल, गाव खाजणवाडी. मी बस म्हणायच्या आत तिने सॅकमधून एक पान काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या, एका जागी बोट फिरवून फिरवून अंधुक झालेलं.

"आमच्याकडे देवाच्या फोटोशेजारी असतं हे," ती म्हणाली. "आजोबा म्हणाले, या बाईंनी आपलं नाव छापलं, तू त्यांच्याकडेच जा."

मी ते कसे आहेत म्हणून विचारलं. बरे आहेत, म्हणाली. पाग टाकणं कधीच सुटलं, खाडीवर नुसते जाऊन बसतात.

"मी हे दहावीत असताना वाचलं," ती पुढे म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आजोबांना काही बोलले नाही. पूर्ण वाक्य वाच म्हणाले, तर तुम्ही वाचलंत तेवढंच मीही वाचून दाखवलं. पण इथे पुढे लिहिलंय, संशोधकांना कोणतीही कल्पना न देता. आणि आजोबा सांगतात, दुसऱ्याच खेपेला त्यांनी तुम्हाला हापा दाखवला होता. तुझ्यासाठी राखलंय म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, बरं केलंत काका, माझी उन्हातली खेप वाचली. हे ते अजून कौतुकाने सांगतात. त्यांचं वय झालंय, म्हणून तुम्हाला विचारते. खरं काय?"

तिच्या मागे दार उघडं होतं. बाहेर मुलांची ये-जा चालू होती.

दुसऱ्या खेपेच्या दिवशी मला ताप होता. तीस मोठ्या निवडायला संध्याकाळ झाली असती. काकांनी भरलेलं घमेलं समोर आणून ठेवलं आणि हाप्याकडे बोट केलं. कोळंब्या उताण्या केल्या तेव्हा बऱ्याच जणींच्या एका पायाचं टोक पातळ, पांढुरकं, नव्याने फुटल्यासारखं होतं. मी दुसऱ्या बाजूचा पाय कापला. पुढच्या दोन खेपांनाही मी भरलेलं घमेलंच घेतलं. तेव्हा मी विचार केला नव्हता, हे खरं आहे. पण रविवारी पंख्याखाली सरांनी विचारलं, तेव्हा हे सगळं मला लख्ख आठवत होतं, हेही तितकंच खरं आहे.

"आजोबांचं बरोबर आहे," मी म्हटलं.

पूर्वाने मान हलवली. तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. पान उचलून सॅकमध्ये ठेवेल असं वाटलं, पण तिने ते माझ्याकडे सरकवलं.

"मग एखाद्या रविवारी घरी या, मॅडम," ती म्हणाली. "तुम्हीच त्यांना पूर्ण वाचून दाखवा. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्याने वाचावं लागेल."